तालमीच्या फुटबॉल संघासोबत नेटबॉल सुरू करता येईल का?

प्रश्न
आमची तालीम कोल्हापुरातील एका जुन्या पेठेतली. आखाड्याच्या लाल मातीतून फुटबॉलकडे वळलेल्या इतर तालमींप्रमाणे आमचाही वरिष्ठ संघ शाहू स्टेडियमवर खेळतो आणि सामन्याच्या दिवशी निम्मी पेठ तेथेच असते. परंतु संघातील वीस-बावीस जण सोडले, तर इतरांच्या वाट्याला शिट्ट्या आणि चौकातली चर्चा यांपलीकडे काहीच येत नाही. ऑस्ट्रेलियातील अनेक खेड्यांत फुटबॉल आणि नेटबॉल (उंच खांबावरील कड्यात चेंडू टाकण्याचा, बास्केटबॉलसारखा खेळ) यांचा मिळून एकच क्लब असतो, आणि शनिवारी सकाळच्या लहान मुलांच्या सामन्यांपासून दुपारच्या वरिष्ठ सामन्यापर्यंत सारे गाव एकाच मैदानावर जमते, असे वाचनात आले. त्या धर्तीवर मुली आणि महिलांसाठी नेटबॉल, तसेच चाळिशी ओलांडलेल्यांसाठी काहीतरी सुरू करण्याचा विचार आहे. जागा आणि साहित्य यांची सोय कशी करावी?

उत्तर १ (क्रीडाशिक्षिका)
नेटबॉलला फार जागा लागत नाही. मैदान ३०.५ मीटर लांब व १५.२५ मीटर रुंद असते, त्यामुळे शाळेच्या पटांगणावर चुन्याने आखले तरी काम भागते. बास्केटबॉलचे खांब तसेच वापरू नयेत; चेंडू टाकायचे गोल कडे दोन्ही खेळांत ३.०५ मीटर उंचीवरच असले, तरी नेटबॉलचे कडे ३८ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे अधिक लहान असते आणि त्यामागे फळी नसते. उद्यमनगरातील कोणताही वेल्डिंगवाला असे दोन खांब बनवून देईल. मात्र ते उलटू नयेत म्हणून तळ जड ठेवण्यास सांगावे. संघात सात खेळाडू असतात, चेंडू टप्पे देत पुढे नेता येत नाही आणि हातात आल्यापासून तीन सेकंदांत सोडावा लागतो. बास्केटबॉल खेळलेल्या मुली सुरुवातीला याच नियमावर अडखळतात, असा माझा अनुभव आहे.

उत्तर २ (माजी गोलरक्षक, वय ५४)
चाळिशीपुढच्यांसाठी चालत खेळायचा फुटबॉल पाहावा. तो २०११ मध्ये इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे सुरू झाला. त्यात धावणे हाच फाउल ठरतो. आमच्यासारख्यांना हे आधी अपमानास्पद वाटते, पण गुडघ्याची वाटी एकदा सरकली की मत बदलते. खरी अडचण साहित्याची नसून वेळेची आहे. स्पर्धा जवळ आल्या की वरिष्ठ संघ पहाटेपासून मैदान अडवून बसतो, आणि मग लहान मुलांचा सराव सर्वांत आधी रद्द होतो. तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत प्रत्येक गटाचे वार आणि तास लेखी ठरवून घ्यावेत, अन्यथा नवे गट पहिल्याच हंगामात विरून जातील.

उत्तर ३ (दोन मुलींची आई)
कल्पना चांगली आहे, परंतु मुलांना फुटबॉल आणि मुलींना नेटबॉल अशी वाटणी आपणच करून टाकत आहोत, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. ज्या ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला आहे, तेथील फुटबॉल अंडाकृती चेंडूचा, निराळ्या नियमांचा आहे आणि त्याची महिलांची राष्ट्रीय लीगही २०१७ मध्ये सुरू झाली. म्हणजे ती वाटणी तेथेही आता उरलेली नाही. त्याच वर्षी आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. माझ्या धाकटीला त्याच्यासारखेच आघाडीवर खेळायचे आहे. थोरलीला मात्र नेटबॉल आवडेल. निवड त्यांनी करावी. आणखी एक गोष्ट: मैदानाजवळ महिलांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली आहे का? ती नसेल, तर खांब उभारण्यापूर्वी ती सोय करावी, कारण मुली खेळ सोडतात तेव्हा घरचे "अभ्यास वाढला" असे सांगतात आणि खरे कारण पुष्कळदा हेच असते.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे आभार. स्वच्छतागृहाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, हे कबूल करतो. येत्या बैठकीत प्रथम तोच विषय, त्यानंतर मैदानाचे वेळापत्रक मांडतो. आठ ते बारा वयोगटात मुले आणि मुली एकत्रच घेऊ. त्यांच्यासाठी चार क्रमांकाचे, म्हणजे थोडे लहान, सहा चेंडू लागतील. खांबांचे दर उद्यमनगरात विचारून येथेच कळवतो.