लीडर वेग पाळतो, तरी आपण मागे का पडतो?
घरात जागेवरच सायकल चालवून स्क्रीनवरच्या ऑनलाइन ग्रुप राईडमध्ये भाग घेणाऱ्यांची एक तक्रार असते: "जाहीर केलेला वेग लीडर, म्हणजे राईड पुढे नेणारे सायकलस्वार, पाळतच नाहीत". हे कधीकधी खरं आहे, पण दरवेळी दोष लीडरचा नसतो. राईडच्या माहितीत '२ वॅट प्रति किलो' (शरीराच्या दर किलो वजनामागे पेडलवर लावायची ताकद) लिहितात ना, खरी गोम तिथेच आहे. माझं वजन ५२ किलो, म्हणजे माझे १०४ वॅट. लीडर ८५ किलोचा असेल तर त्याचे १७०. सपाट रस्त्यावर एकूण वॅटच जास्त महत्त्वाचे ठरतात, त्यामुळे तो अगदी प्रामाणिकपणे २ वर चालवतो आणि मी २.६ ला धापा टाकत असते.

परवा अशीच घोळक्यातून सुटले. एकदा ड्राफ्ट, म्हणजे पुढच्यांच्या आडोशाने वाऱ्यापासून मिळणारा फायदा, गेला की संपलंच. पुढची ४० मिनिटं स्क्रीनवर एकटी. फार वाईट वाटलं. आता सगळ्यांना एकत्र ठेवण्याची सोय चालू असलेल्या राईडलाच नाव नोंदवते.