क्यू६६०० ओव्हरक्लॉक करायला गेलो आणि डिस्प्लेच गेला, परत करू का नाद सोडू?

जुना_डबा
मंडळी, एक जुना डेस्कटॉप आहे, इंटेलचा कोअर २ क्वाड क्यू६६००, २.४ गिगाहर्ट्झवाला, ४ जीबी डीडीआर२-८०० रॅम, साधी हार्ड डिस्क आणि प्रोसेसरबरोबर आलेलाच कूलर. टाकवत नाही म्हणून जुन्या टेपवरचे घरचे व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावलाय, पण एका फाइलला ८० मिनिटं घेतो. सगळीकडे वाचलं की हा प्रोसेसर ओव्हरक्लॉकला (म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायला) एकदम सोपा, ३ च्या वर आरामात जातो. मग काय, बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) गेलो, एफएसबी, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यामधल्या बसचा क्लॉक, २६६ होता तो थेट ३५६ केला (३५६ गुणिले प्रोसेसरचा मल्टिप्लायर ९ म्हणजे ३.२), बाकी सगळं ऑटोवर ठेवलं आणि सेव्ह केलं. पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही. आपोआप बंद, परत चालू, परत बंद. शेवटी प्लग काढून बोर्डावरचा सेल काढून ठेवला तेव्हा कुठे स्क्रीन दिसला, पण तारीख पार मागे गेली आणि विंडोज लोड होताना निळा स्क्रीन. ते निस्तरायला अजून दोन तास, कारण साटाचा (हार्ड डिस्कच्या जोडणीचा) मोड एएचसीआयवरून परत आयडीईवर गेला होता हे डोक्यातच आलं नाही.

तर माझा प्रोसेसरच कच्चा निघाला का? आणि परत करावं का हे?

पाना_पक्कड
प्रोसेसर बिचारा निर्दोष आहे, मार तुझ्या रॅमने खाल्लाय. बघ, या जमान्यातल्या बोर्डांवर रॅमचा क्लॉक एफएसबीला बांधलेला असतो. तुझा एफएसबी २६६ आणि रॅम ४०० वर चालत होती (डीडीआर म्हणून दुप्पट, ८००), म्हणजे २:३ गुणोत्तर. तू एफएसबी ३५६ केलास आणि गुणोत्तर तेच राहिलं असणार, म्हणजे रॅम गेली ५३४ वर, डीडीआर२-१०६८! ८०० वाली साधी काडी तिथे कशी चालेल, डिस्प्ले येणारच नाही. ऑटो म्हणजे बोर्ड आपली काळजी घेईल असं नसतं, ऑटो म्हणजे बोर्डाला जे सुचेल ते.

आता असं कर, ३.२ चा हट्ट सोड आणि एफएसबी ३३३ ठेव, ३३३ गुणिले ९ म्हणजे ३.० गिगाहर्ट्झ. ३३३ म्हणजेच १३३३ एफएसबी, त्यानंतर आलेले कितीतरी कोअर २ प्रोसेसर कंपनीतूनच या एफएसबीचे होते, त्यामुळे तुझ्या चिपसेटला (बोर्डावरच्या मुख्य चिपांना) १३३३ चा अधिकृत सपोर्ट असेल तर तो फार ताणलाही जात नाही. रॅमचं गुणोत्तर १:१ कर, ती ६६७ वर येईल, म्हणजे आपल्या क्षमतेपेक्षा खाली, आरामात. वापरताना तो फरक कळत नाही. पीसीआय एक्सप्रेस १०० आणि पीसीआय ३३ वर लॉक कर, नाहीतर एफएसबीबरोबर तेही वर सरकतात आणि हार्ड डिस्कवरचा डेटा खराब होऊ शकतो. व्होल्टेज ऑटोवर ठेवू नकोस. कोअर टेम्प या प्रोग्रॅममध्ये तुझ्या चिपचा व्हीआयडी (कंपनीने त्या चिपला ठरवून दिलेलं व्होल्टेज) दिसेल, प्रत्येक चिपचा वेगळा असतो, तोच आकडा हाताने टाकून सुरुवात कर, नाही टिकलं तर एकेक पायरी वर. आणि २६६ वरून एकदम ३३३ नको, दहा-दहाने चढव. हे कंटाळवाणं आहे, पण सेल काढत बसण्यापेक्षा बरं.

रात्रपाळी
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. कन्व्हर्टिंगचं ठीक आहे, तिथे चारही कोर १०० टक्के भरतात, क्लॉक वाढला की वेळ त्याच प्रमाणात कमी होतो. पण नव्वद टक्के लोक "जुना पीसी स्लो आहे" म्हणून ओव्हरक्लॉक करतात आणि टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू २० टक्क्यांवर निवांत बसलाय आणि डिस्क १०० वर ठोकतेय. तिथे ३ काय, ४ गिगाहर्ट्झ केलं तरी काय होणार, कप्पाळ. त्यापेक्षा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका. अशा बोर्डाला साटा २ (जुनी, कमी वेगाची जोडणी) असला, म्हणजे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नसला, तरी फरक डोळ्यांना दिसतो कारण छोट्या छोट्या फाइली शोधण्यातच हार्ड डिस्कचा दम जातो. आणि ओव्हरक्लॉक केलं की नवं विंडोज चालेल असंही कोणी समजू नका, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला एसएसई४.२ हा प्रोसेसरमधला इन्स्ट्रक्शनचा संच लागतो, तो क्यू६६०० मध्ये नाहीच, क्लॉक वाढवून नवीन इन्स्ट्रक्शन उगवत नाहीत. कूलर, पेस्ट, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) असं एकेक बदलत बसलात तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

सॉकेट_काका
रात्रपाळीचं पटतं पण मजा म्हणून काही असतं की नाही :) आम्ही १९९८ च्या सेलेरॉन ३००ए पासून या खोडीत. ६६ चा एफएसबी १०० केला की ३०० चा प्रोसेसर ४५०! मल्टिप्लायर ४.५ लॉक होता म्हणून बसच वाढवायची. जम्पर इकडचा तिकडे केला आणि तसाच चालला, त्यानंतर कुठलाही प्रोसेसर आहे त्या स्पीडवर बघवला नाही.

पण मुद्द्याचं बोलतो. सगळे प्रोसेसरचं तापमान बघतात, व्होल्टेज देणाऱ्या बिचाऱ्या मॉस्फेटकडे कोणी बघत नाही. हिशोब कर, पॉवर ही क्लॉक गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. २.४ चे ३.० म्हणजे १.२५ पट, आणि व्होल्टेज १.२५ वरून १.३५ केलंस तर साधारण १.१७ पट, दोन्ही मिळून जवळजवळ १.४६. म्हणजे वेग २५ टक्के वाढला आणि उष्णता ४६ टक्के, आणि ती सगळी वीज सॉकेटशेजारच्या त्या काळ्या चौकोनी चिपांमधून जाते. माझ्या एका स्वस्तातल्या बोर्डावर त्यांना हीटसिंकच नव्हता, ३.४ वर टेस्ट लावली, प्रोसेसर ७० च्या आत, मी खुश, आणि विसाव्या मिनिटाला पीसी फट्कन बंद. झाकण काढलं तर जळकट वास. तेव्हा तुझ्या बोर्डावर हीटसिंक आहे का बघ, आणि कपॅसिटरची डोकी सपाट आहेत का फुगलीत तेही बघ. एक जरी फुगलेला असेल तर हा विषय इथेच बंद.

मीपण_एक
मधेच घुसतोय सॉरी, माझा आय५-२४०० आहे एच६१ बोर्डवर, त्याचा एफएसबी कुठे वाढवायचा, बायॉसमध्ये सापडतच नाही

पाना_पक्कड
@मीपण_एक सापडणार नाही, सँडी ब्रिजला (२०११) तो प्रकारच नाही. १०० चा एकच बेस क्लॉक, त्यावरच साटा, यूएसबी, पीसीआय सगळं, १०५ च्या आसपास गेलं की भांडणं सुरू. मल्टिप्लायरने करायचं तर २५००के सारखा के वाला प्रोसेसर आणि पी६७ नाहीतर झेड६८ बोर्ड. तुझ्याकडे दोन्ही नाही, एसएसडी टाक आणि मोकळा हो.

जुना_डबा
रिपोर्ट देतो. कपॅसिटर सगळे सपाट, मॉस्फेटवर छोटा का होईना हीटसिंक आहे. कूलर काढला तर पेस्ट वाळून भिंतीच्या पोपड्यासारखी निघाली, आणि चार पिनांपैकी एक बोर्डात बसलेलीच नव्हती, कोण जाणे किती वर्षं तीन पायांवर चालला होता. पेस्ट पुसल्यावर झाकणावर एसएलएसीआर दिसलं, शोधलं तर जी० आवृत्ती, म्हणजे ९५ वॅटवाला, आधीचा बी३ १०५ वॅटचा होता म्हणे. नवी पेस्ट लावून आधी २.४ वरच प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून तपासणारा प्रोग्रॅम) लावलं, जिथे तापमान ८४ अंश जात होतं तिथे ६१! नुसती पिन दाबून.

मग दहा-दहाने चढवलं. ३२० पर्यंत काही नाही. ३३३ ला बायॉसमध्ये व्हीआयडीचा आकडा १.२८७५ टाकला तर तिसरा कोर नवव्या मिनिटाला राउंडिंग एरर देऊन थांबला. सीपीयू-झेडमध्ये (प्रोसेसरचा वेग, व्होल्टेज दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बघितलं तर लोडवर व्होल्टेज १.२४ च दिसतंय, टाकलं एक आणि मिळतंय एक?

सॉकेट_काका
त्याला व्हीड्रूप म्हणतात, लोड आला की व्होल्टेज खाली बसतं, बोर्डाचा स्वभाव आहे. दोन पायऱ्या वर दे. स्क्रीन गोठला नाही, नुसता एक कोर थांबला, म्हणजे अगदी काठावर आहेस.

जुना_डबा
१.३१२५ दिलं. रात्रभर प्राइम९५ चालू ठेवलं, सकाळी चारही कोर जिवंत, जास्तीत जास्त ७२. तीच फाइल परत कन्व्हर्ट केली, ८० ची ६५ मिनिटं झाली. ३.२ वर जायचा मोह होतोय पण काकांचा जळका वास आठवला. एसएसडी पण घेणार आहे, रात्रपाळी, टास्क मॅनेजर बघितला, खरंच डिस्क १०० वर होती.

पण एक घोळ आहे, आत्ता सीपीयू-झेड उघडलं तर २००० मेगाहर्ट्झच दाखवतंय, आधीपेक्षाही कमी! सेटिंग उडालं का परत?

पाना_पक्कड
मल्टिप्लायर बघ, ६ असेल. ३३३ गुणिले ६. काम नाही म्हणून स्पीडस्टेपने (इंटेलच्या वीज वाचवणाऱ्या सोयीने) खाली आणलाय, राहू दे तसाच. काहीतरी लोड दे आणि परत बघ.

जुना_डबा
३०००.१ :)