वित्तपुरवठा, अर्थसाहाय्य की पाठबळ?

एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचा मसुदा तपासत होते. त्यात वाक्य होतं, 'वाचनालयाच्या कामास तीन दात्यांनी वित्तपुरवठा केला.' व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. पण मसुदा वाचून एका सभासदानं विचारलं, "मग व्याज किती पडतंय?" त्यांचं चुकलं नव्हतं. वित्तपुरवठा म्हटलं की कर्ज, हप्ते, परतफेड हेच डोळ्यांपुढे येतं. इथे कुणीच पैसे परत मागणार नव्हतं. 'देणगी दिली' एवढं पुरलं असतं.

तेव्हापासून शब्द निवडताना मी आधी बघते की पैसा परत जायचा आहे का, आणि जायचा असेल तर कोणत्या रूपात. व्याजासह जायचा असेल तर कर्ज, वित्तपुरवठा, पतपुरवठा. नफ्यातल्या वाट्याच्या रूपात जायचा असेल तर गुंतवणूक किंवा भांडवल. परत जायचाच नसेल तर देणगी, आणि ठरल्या कामावरच खर्च करून हिशेब द्यायचा असेल तर अनुदान. 'अर्थसाहाय्य' यांतल्या कशालाही चालतं, म्हणूनच ते सरकारी पत्रकांत इतकं दिसतं. नेमकं काय मिळालं ते माहीत असेल तर हा मोघम शब्द टाळावा. (लिहायचाच तर 'साहाय्य' लिहावा. 'सहाय' म्हणजे सोबती, त्यावरून 'साहाय्य'. मदतनीस मात्र 'सहायक', 'सहाय्यक' नव्हे.)

कधीकधी परतफेड पैशात नसतेच. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. अशा ठिकाणी 'शिष्यवृत्ती' लिहून थांबू नये, अटही सांगावी.

आता 'पुरस्कृत'. हा शब्द मला फार आवडतो आणि त्याचे हाल बघून वाईट वाटतं. पुरस्कार करणं म्हणजे पुढे करणं, उचलून धरणं. 'स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला' या वाक्यात बक्षीस कुठेच नाही. 'पक्षपुरस्कृत अपक्ष उमेदवार' यात पक्षानं त्याला आपला म्हणून पुढे केलंय, पैसे दिले की नाहीत ते त्या शब्दावरून कळत नाही. कार्यक्रमाचा खर्च उचलून बदल्यात आपलं नाव झळकवणाऱ्याला 'प्रायोजक' हा नेमका शब्द आहे. व्याकरणातलं प्रयोजक क्रियापद आठवा: हसणारा एक, हसवणारा दुसरा. प्रायोजकही स्वतः खेळत नाही, खेळ घडवून आणतो.

पुरस्कर्ता पुढे करतो, तर पाठबळ आणि पाठिंबा मागून मिळतात. दोन्हींत पाठ आहे, पैसा नाही. म्हणून नुसतं 'पाठबळ दिलं' असं लिहिलं तर वाचणारा धीर, माणसं, शिफारस असं काहीही समजेल. पैसाच दिला असेल तर 'आर्थिक पाठबळ' म्हणावं. जामीन राहणारा तर त्या घडीला दमडीही देत नाही, पण बुडालं तर भरायची जबाबदारी त्याची. त्याला 'अर्थसाहाय्य करणारा' म्हणणं साफ चूक.

खरी श्रीमंती मात्र क्रियापदांत आहे आणि लिहिताना आपण ती विसरतो. 'त्यानं धंद्यात पैसे घातले' म्हणजे सरळ वाटा उचलला. 'लावले' म्हटलं की जोखीम आली, 'गुंतवले' म्हटलं की हिशेब आणि धीर आला. 'ओतले' यात बोलणाऱ्याला ते जास्त वाटतायत. आणि 'अडकले' म्हटलं की पुढचं विचारायलाच नको. स्वतःजवळचे, ऐपत ताणून घातले तर 'पदरमोड केली'. अनेकांनी थोडंथोडं दिलं तर 'हातभार लावला', ठरावीक वाटा काढला तर 'वर्गणी काढली'. या सगळ्यांच्या जागी 'निधी उपलब्ध करून दिला' असं लिहिलं की वाक्यातलं माणूस निघून जातं.

'भांडवल करणे' जपून वापरावं. 'भांडवल घालणे' सरळ आहे, पण 'दुःखाचं भांडवल करणे' म्हणजे त्याचा फायदा उठवणे. अनुवादात हे दोन एकमेकांच्या जागी पडलेले मी पाहिलेत.

एक शब्द मात्र मला अजून सापडलेला नाही. नव्या उद्योगात अगदी सुरुवातीला, स्वतःच्या खिशातले पैसे घालणाऱ्याला 'देवदूत गुंतवणूकदार' लिहितात. 'बीजभांडवल' किती सहज रुजलं, तसं हे रुजत नाही. देवदूत म्हटलं की मराठीत संकटातून वाचवणारा आठवतो, आणि हा तर वाटा मागतो. 'बीजभागीदार' कसा वाटतो? त्यात सुरुवात आली, वाटाही आला. फक्त पैशाची जोखीम येत नाही, तिथे माझं अडतंय. याहून चांगला शब्द कुणी वापरत असेल तर वाक्यासकट सांगा.