मदत हवी आहे: निओफेचचं मराठी टिपण फास्टफेचसाठी बदलायचंय

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. आमच्या लॅबमधल्या लेकरांसाठी तीन वर्षांपूर्वी निओफेचवर, म्हणजे लिनक्स मशीनची माहिती दाखवणाऱ्या छोट्या साधनावर, मराठीत टिपण लिहिलं होतं. खेड्यातून आलेलं पोरगं पहिल्यांदा टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडतं आणि एका कमांडमध्ये आपल्या मशीनचा प्रोसेसर, कर्नल (सिस्टीमचा गाभा), मेमरी बघतं, तेव्हा त्याची भीती मोडते. म्हणून हे टिपण मला जिवाभावाचं आहे.

पण निओफेचचं काम २०२४ च्या एप्रिलमध्ये अधिकृतपणे थांबलं. आता सगळं फास्टफेच या तसल्याच नव्या साधनावर न्यायचंय. जुनं साधन बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलच्या कमांडची फाईल) होतं, सेटिंगची फाईलही तशीच. नवीन साधन सी भाषेत आहे आणि सेटिंग जेसनसी फाईलमध्ये, म्हणजे कंस-स्वल्पविरामांच्या काटेकोर मांडणीत. एक स्वल्पविराम सुटला की पोरं अडकतात.

अडचण अशी, की काही मशीनवर अजून डेबियन १२ ही लिनक्सची जुनी आवृत्ती आहे. तिच्या सॉफ्टवेअर-भांडारात निओफेच आहे, फास्टफेच नाही. डेबियन १३ मध्ये नेमकं उलटं. मग दोन्ही भाग ठेवू, की जुना काढून टाकू?

दुसरं, ८ जीबीच्या मशीनवर ७.६ का दिसतं, हे पोरं दरवेळी विचारतात. काही मेमरी फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर), ग्राफिक्स आणि कर्नल आधीच राखून ठेवतात, असं लिहिलंय. याहून सोपं कसं सांगाल?

आणि ‘अपटाइम’ला काय म्हणावं? ‘मशीन कधीपासून चालू’ मला बरं वाटतं. फास्टफेचमध्ये लेबलं मराठीत करता येतात, पण टर्मिनलमध्ये काना-मात्रा सरकून रकाने वाकडे होतात. कुणाकडे नीट चालणारं टर्मिनल-फॉन्टचं जोडपं असेल तर सांगा, रविवारी बसून टिपण पूर्ण करतो.