अण्णांच्या कानाला रोज चार तास फोन. मेंदूला धोका आहे का?

हापूसवाली_सून
नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले, घरच्या कलमांचा धंदा. मार्च ते मे माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, रोज चारेक तास फोनवर असतात. वाशीचे दलाल, गाडीवाले, पेट्या मागणारी माणसं. फोन साधा, बटणांचा. घर उतारावर अगदी खाली, त्यामुळे रेंज फक्त पडवीतल्या खिडकीच्या एका गजापाशी. तिथे उभं राहून उजव्या कानावर फोन दाबून धरतात, कान लालबुंद होतो. शेजारी रेडिओ असतो, फोन वाजायच्या आधीच त्यातून टरटर सुरू होते. म्हणजे काहीतरी जोरात बाहेर पडतंय ना? यंदा संध्याकाळी डोकं दुखतं म्हणतात. बाजारात कोणीतरी 400 रुपयांचा रेडिएशन अडवणारा स्टिकर चिकटवून दिलाय. मी स्मार्टफोन घेऊन देत होते, तर म्हणाले, "नको, छोट्या फोनात रेडिएशन कमी." हे खरं आहे का? अण्णा 68 वर्षांचे आहेत. मला फार काळजी वाटते.

रेंजमास्तर
ताई, मी 14 वर्षं मोबाइल नेटवर्कचं काम करतोय. गाडीत लॅपटॉप आणि टेस्ट फोन घेऊन गावोगाव रेंज मोजत फिरतो. तुमच्या त्या गजासारखे गज मी कोकणात कितीतरी घरांत पाहिलेत.

पहिलं म्हणजे, अण्णांचा समज उलटा आहे. बटणांचा जुना फोन 2जीवर चालतो. 900 मेगाहर्ट्‌झवर त्याचा एकेक झटका 2 वॅटपर्यंत जातो. तो वेळेच्या आठव्या भागातच सोडतो, म्हणून सरासरी पाव वॅट. हे झटके सेकंदाला 217 वेळा बसतात, तीच तुमच्या रेडिओतली टरटर. 4जी फोन सहसा फार तर 0.2 वॅट सोडतो, आणि रेंज चांगली असेल तर त्याचा शंभरावा भागही पुरतो. रेंज जितकी कमी, तितका फोन जोर लावतो. लोक टॉवरला घाबरतात, पण डोक्याला लागतं ते मुख्यतः कानावरच्या फोनचं. स्टिकर आजच काढा. त्याने खरंच लहरी अडवल्या, तर फोन आणखी जोर लावेल.

आता कॅन्सरचं. या लहरींत रेणूतले बंध तोडण्याइतकी ताकद नसते, एक्स-रेसारखं हे नाही. तरी 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्यांना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं. त्यामागे 13 देशांचा इंटरफोन अभ्यास होता. एकूण 1640 तासांहून जास्त बोललेल्यांत ग्लायोमा म्हणजे मेंदूची गाठ 40 टक्के जास्त दिसली. तुमचा हिशोब मी मांडला: 4 तास गुणिले 90 दिवस, हंगामाला 360 तास. पाच हंगामांत अण्णा त्या आकड्यापलीकडे गेलेत. म्हणून हे तुमच्यापासून लपवत नाही. पण त्या अभ्यासात आजारी माणसांना जुने तास आठवून सांगायला लावले होते, आणि काहींनी अशक्य आकडे सांगितले. 2024 साली आलेल्या युरोपातल्या कॉसमॉस अभ्यासात अडीच लाखांवर लोकांच्या वापराची नोंद आधी घेतली आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. सर्वांत जास्त बोलणाऱ्यांतही गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. माझ्या लेखी हा पुरावा जास्त वजनाचा.

कान लाल होतो तो दाबून धरल्याने आणि बॅटरीच्या उष्णतेने. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून बोलायची सोय, असलेला फोन घ्या आणि वायरचा हेडफोन लावून द्या. फोन डोक्यापासून हातभर लांब गेला की प्रश्नच मिटला.

उमा_सातारा
फोनचं राहू दे, आधी डोकेदुखीचं बघा. माझ्या भावाला ग्लायोमा होता. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं, उलटी व्हायची. आम्ही तीन महिने "फोन कमी कर" म्हणत बाम चोळत बसलो. शेवटी तो स्वतःलाच दोष द्यायचा, मी एवढं बोललो नसतो तर, असं म्हणायचा. डॉक्टर त्याला सांगायचे की तुझी गाठ फोनमुळे झाली असं कोणीच म्हणू शकत नाही. त्याला ते कधी पटलं नाही, आणि मला अजून त्याचंच जास्त वाईट वाटतं. अण्णांना "तुमच्या फोनमुळे" असं म्हणू नका. बीपी आणि डोळे तपासून आणा, सकाळी उलटी होते का ते विचारा.

हापूसवाली_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. उमाताई, तुमचं वाचून रडूच आलं. काल अण्णांना घेऊन गेले. उलटी वगैरे काही नाही, पण बीपी 170 वर 100 निघालं. गोळी सुरू केलीय, आठवड्याने परत बोलावलंय. स्टिकर काढला. हेडफोन लावायला अण्णा तयार नव्हते, दलालाचा भाव नीट ऐकू येत नाही म्हणाले. मग नातवाने वायर त्यांच्या बनियनला सेफ्टी पिनने अडकवून दिली, आणि आता फोन गजाला टांगलेला असतो.

रेंजमास्तर, घरात वायफाय आहे. बटणांच्या फोनाएवढ्या मोठ्या अक्षरांचा, वायफाय कॉलिंगवाला कुठला फोन सुचवाल? बजेट आठ हजारांपर्यंत.