मदत हवी आहे: जहाजावर आर्म्ड गार्ड, गोळी चालवली तर केस कुणावर?

शिरोळकर
सोमवारपर्यंत कळवायचंय म्हणून डायरेक्ट विचारतो. दाजींना जहाजावर आर्म्ड गार्डची ऑफर आलीय. कागदावरच्या एका ओळीवरनं घरात भांडण लागलंय. गोळी चालवली आणि माणूस मेला तर केस कुणावर? कंपनीवर, कॅप्टनवर का दाजींवर? जाणकारांनीच सांगा. 'जाऊ नका' हे आई रोज म्हणतेच आहे.

निवृत्त_बोसन
ओळ कुठली? जहाज कुठल्या झेंड्याचं? चढायचं कुठनं? दाजी फौजेतले का? काहीच न लिहिता सोमवार काय म्हणतोस.

शिरोळकर
सैनिक टाकळीचे आहेत. फौजेतले का, हे सांगायला लागतंय होय! मराठा लाइट इन्फन्ट्री, हवालदार, १७ वर्षं. ओळ अशी: 'शस्त्राच्या वापराची संपूर्ण वैयक्तिक जबाबदारी गार्डची राहील.'

रानमाळ
बारा बोअरचं लायसन्स पाहिजे तर कलेक्टर ऑफिसात अर्ज करा. मला दोन वर्षं लागली. तोवर डुकरांनी ऊस खाल्ला.

निवृत्त_बोसन
रानमाळ, धागा वाचा की.
शिरोळकर, एडनच्या आखातातनं मी टँकरवर चार गार्ड घेऊन गेलोय. एक होडी अंगावर यायला लागली. टीम लीडरनं रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरली, बस्स. होडी वळली. चाचे होते का मासेमारीवाले, आजतागायत माहीत नाही. कामातला मोठा भाग हाच. आधी दाखवायचं, मग इशाऱ्याची गोळी, आणि माणसावर नेम फक्त जीवावर बेतलं तरच. हंड्रेड सिरीज रूल्स म्हणतात त्यांना, २०१३ पासून आहेत. जहाजावर हुकूम कॅप्टनचा, पण ट्रिगर ओढला त्याचा जाब त्यालाच.

पन्हाळा_एक्सप्रेस
कसला जाब? २०१२ ला इटलीवाल्यांनी केरळजवळ आपले दोन मच्छीमार मारले. सुटलेच की. दाजी पण सुटतील, नाद खुळा.

काळा_कोट
अहो, ते इटलीच्या नौदलाचे सैनिक होते, खाजगी गार्ड नव्हेत. सरकारी माणूस म्हणून आंतरराष्ट्रीय लवादानं २०२० मध्ये त्यांना इथल्या खटल्यातून मोकळं केलं. दाजींच्या मागे कुठलं सरकार उभं राहणार? हंड्रेड सिरीज पाळूनही संरक्षण मिळत नाही, ते नियम स्वतःच तसं सांगतात. तुतिकोरिनचं सीमन गार्ड ओहायो बघा, आर्म्ड गार्ड असलेलं जहाज. २०१३ मध्ये ३५ जण धरले, त्यात भारतीयही होते. गोळी झाडल्याचा आरोपच नव्हता, भानगड हत्यारांच्या कागदांची. २०१६ ला पाच वर्षं शिक्षा, २०१७ ला हायकोर्टात निर्दोष. मधली वर्षं कोण देणार?

पन्हाळा_एक्सप्रेस
वकील लोक घाबरवतातच. माझा मावसभाऊ दोन वर्षं करून आला, राजारामपुरीत फ्लॅट घेतला.

निवृत्त_बोसन
फ्लॅट राहू दे. एजंटला किती दिले?

शिरोळकर
दीड लाख ठरलेत, पन्नास दिले. व्हिजिट व्हिसावर यूएईतलं फुजैरा बंदर, तिथनं बोटीनं जहाजावर. हे महत्त्वाचं आहे का?

निवृत्त_बोसन
हेच महत्त्वाचं आहे बाबा! परवानाधारक एजन्सी खलाशाकडनं नोकरी लावल्याचे पैसे घेऊच शकत नाही. डीजी शिपिंग, म्हणजे सरकारचं जहाज खातं, त्यांचा आरपीएसएल नंबर माग, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा.

काळा_कोट
गार्ड हा खलाशी धरायचा का, यावरच वाद आहे. क्रू लिस्टवर बऱ्याचदा सुपरन्युमररी, म्हणजे खलाशांव्यतिरिक्तचा जादा माणूस, असं लावतात. एजंट नेमका तिथनंच निसटतो.

निवृत्त_बोसन
निसटू दे, नंबर तर मागू दे. आणि झेंडा विचार. भर समुद्रात कायदा आधी झेंड्याच्या देशाचा लागतो. हत्यारं कुणाच्या नावावर, विमा आणि वकिलाचा खर्च कोण देणार, हे लेखी घे.

रानमाळ
पण तुमच्या दाजींना सर्व्हिसमुळं लायसन्स लवकर मिळेल का?

शिरोळकर
आत्ताच एजंटला फोन लावला. नंबर 'व्हॉट्सॅपवर टाकतो' म्हणाला, अजून आला नाही. झेंडा विचारला तर म्हणतो, "झेंडा? तिरंगाच की हो." फुजैरातनं चढायचं जहाज, नाव माहीत नाही, आणि तिरंगा! दाजी शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत, उठून गाडीची किल्ली घेतली. पन्नास हजारांची पावती नाहीय आमच्याकडं, फक्त गुगल पे. चालतंय का ते?

काळा_कोट
चालतंय. स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि दाजींना एकटं पाठवू नका.