शाळेतून आल्यावरचा खाऊ मुलांसोबत कसा करता?

दोनपिल्लांचीआई
नमस्कार मंडळी, मुलगी ७ वर्षांची आणि मुलगा ४ चा. दोघं साधारण एकाच वेळी शाळेतून येतात, आल्या आल्या दप्तरं कोपऱ्यात आणि "आई भूक लागली" सुरू. आत्तापर्यंत मी बिस्किटांचा पुडा काढून द्यायचे पण मग रात्री जेवायला नको म्हणतात, हे मोडायचंय मला. म्हणून मागच्या आठवड्यात ठरवलं की दोघांना सोबत घेऊन रोज काहीतरी गमतीचा खाऊ करायचा. पहिल्या दिवशी अस्वल. ब्रेडवर पीनट बटर, केळ्याच्या चकत्यांचे कान आणि नाक, मनुकांचे डोळे. मी चकत्या कापून सगळी मांडामांड करेपर्यंत धाकट्याने रडून घर डोक्यावर घेतलं, आणि मोठीचं अस्वल फोटोतल्यासारखं झालं नाही म्हणून तिने ताटलीच सरकवून दिली. शेवटी परत बिस्किटंच निघाली.
पण मला हे सोडून द्यायचं नाहीये, दिवसभरात दोघंही माझ्याजवळ असतात अशी तीच एक वेळ आहे. तर तुम्ही नक्की कसं करता? ४ वर्षांच्या मुलाच्या हातात काय काम द्यायचं? आणि यात भाज्या कशा घुसवायच्या, कारण मोठी गाजर बघितलं की तोंड फिरवते.

उन्हाळाहिवाळा
ताई, अस्वलात काहीच चुकलं नाही, वेळ चुकली. शाळेतून आलेलं मूल दमलेलं आणि भुकेलेलं असतं, त्याला "थांब हं, आधी कान लावू" म्हटलं तर ते रडणारच. आमच्याकडे दोन भाग केलेत. दारातून आत आल्यावर हातपाय धुवायचे आणि लगेच समोर पाणी आणि फळाच्या दोन-चार फोडी, त्यात काही करायचं नाही फक्त खायचं. पोटात थोडं गेलं की १०-१५ मिनिटांनी मग करायचा खाऊ. एवढ्या एका बदलाने आमची रडारड थांबली, खरंच सांगते.
दुसरं म्हणजे फोटो दाखवू नका. फोटो दाखवला की मुलं स्वतःचं त्याच्याशी ताडून बघतात आणि हिरमुसतात. मी चार-पाच वाट्या मांडते, काकडीच्या चकत्या, गाजराचा कीस, उकडलेला मका, चीजचे तुकडे, मनुका, असं जे असेल ते, आणि फक्त एक विषय देते. आज समुद्र, उद्या ज्याला चाकं असतात ते काहीही. मुलाने एकदा काकडीच्या चकतीच्या खाली गाजराचा कीस लोंबत ठेवला आणि म्हणाला ही जेलीफिश आहे, पावसात भिजून आलीय. मला असं सात जन्मात सुचलं नसतं. आणि ती भिजलेली जेलीफिश तो कीसासकट खाऊन मोकळा झाला.
४ वर्षांच्याला काय द्यायचं तर केळं कापू द्या, धार नसलेली लोणी लावायची सुरी देऊन. माझा धाकटा केळं कापतो तेव्हा जीभ बाहेर काढून, श्वास रोखून कापतो, एक चकती जाड एक पातळ, आणि प्रत्येक चकती पडली की माझ्याकडे बघतो. त्या वेळी "अरे सारखी काप" म्हणू नका. फळं धुणं, लेट्यूसची पानं फाडणं, उकडलेला बटाटा हाताने कुस्करणं, ब्रेडला काहीबाही फासणं हे सगळं या वयात जमतं. ७ वर्षांची मुलगी उकडलेलं अंडं सोलू शकते, तुम्ही शेजारी उभ्या राहिलात तर मऊ फळं आणि काकडी नीट कापू शकते, फक्त धरलेल्या हाताची बोटं आत दुमडायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

शांतसंध्याकाळ
वरचं सगळं छान आहे फक्त घरात ४ वर्षांचं मूल आहे म्हणून लिहिते. द्राक्षं आणि छोटे टोमॅटो अख्खे देऊ नका, आडवे दोन तुकडेही नकोत, उभे चार करायचे, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते. अख्खे दाणे, बदाम वगैरे ५ वर्षांच्या आतल्यांना नकोतच. कच्चं गाजर त्याला किसून किंवा वाफवून. आणि खाताना बसूनच, खेळ म्हटला की मुलं तोंडात घास घेऊन पळत सुटतात तेवढं बघा. शेजारची मुलं येणार असतील तर पीनट बटर काढण्याआधी त्यांच्या घरी ॲलर्जीचं विचारून घ्या.

प्रयोगवेडाबाबा
आमच्याकडे आकारांपेक्षा रंग जास्त चालतात. जांभळा कोबी मिळाला तर हे नक्की करा. कोबी बारीक चिरून पाण्यात १० मिनिटं उकळायचा आणि गाळायचा, पाणी गडद जांभळं होतं. त्या गरम पाण्यात तांदळाच्या पांढऱ्या नूडल्स भिजवायच्या, त्या मऊ होता होता जांभळ्या-निळ्या होतात. मग ताटलीत वाढून मुलांच्या हातात लिंबाची फोड द्यायची. जिथे जिथे थेंब पडतो तिथे नूडल गुलाबी होते, डोळ्यांदेखत! कोबीतल्या रंगद्रव्याला अँथोसायनिन म्हणतात, आंबट लागलं की ते गुलाबी-लाल होतं. उरलेल्या पाण्यात वेगळ्या कपात चिमूटभर खायचा सोडा टाकला की ते निळं-हिरवं होतं, तो कप नुसता बघायला. माझी मुलगी पहिल्यांदा लिंबाने नूडल्सवर स्वतःच्या नावाचं अक्षर काढायला गेली, ते पसरून नुसता गुलाबी डाग झाला, तर तिने लगेच त्याला ढग म्हणून टाकलं. वरून थोडं मीठ, तेल, मक्याचे दाणे घालून खायचं.
सफरचंदाचंही करून बघा, एका फोडीला लिंबू लावायचं, एक तशीच ठेवायची, कुठली आधी काळी पडते यावर दोघांनी पैज लावायची. आणि फक्त मोठीसाठी पॉपकॉर्न, धाकट्याला या वयात पॉपकॉर्न देऊ नका तो घशात अडकतो. मक्याच्या दाण्यात थोडं पाणी असतं, तापल्यावर त्याची वाफ होते आणि साधारण १८० अंशांला कवच फुटतं, हे झाकणाखालचा आवाज ऐकत सांगितलं की मुलांना कायमचं लक्षात राहतं.

हिरवीवाटी
भाज्यांसाठी मी बीट उकडून, वाटून पॅनकेकच्या पिठात घालते, गुलाबी होतात, पत्ताही लागत नाही. मोठीला असंच द्या ना.

उन्हाळाहिवाळा
@हिरवीवाटी बीट घाला पण लपवून नको असं माझं मत आहे. एकदा मुलांना कळलं की यात आईने काहीतरी घातलंय, तर पुढचे कित्येक दिवस प्रत्येक घास उलटापालटा करून बघतात, आमच्याकडे झालंय हे. त्यापेक्षा बीट तिलाच वाटू द्या, हात गुलाबी होऊ देत. काही मुलांना नवी चव पटायला ती १०-१५ वेळासुद्धा समोर यावी लागते, त्यामुळे दोनदा नाही म्हणाली म्हणून गाजर कायमचं बाद करू नका. एलिन सॅटर म्हणून अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्यांची मांडणी मला फार उपयोगी पडली. काय द्यायचं, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. म्हणून "तूच केलंयस ना मग संपव" हे वाक्य मी बंद केलंय. केलं आणि नाही खाल्लं तरी त्या दिवशी गाजराला हात लागला, वास घेतला गेला, ते पण कामाचंच आहे.

दोनपिल्लांचीआई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आधी पेअरच्या फोडी दिल्या आणि मग वाट्या मांडल्या, विषय दिला "रात्र". धाकट्याने ब्रेडवर दही फासलं आणि केळ्याची एकच चकती मधोमध ठेवली, चंद्र. मोठीने बराच वेळ काही केलंच नाही, मी गप्प बसले. मग तिने गाजराचा कीस घेऊन चिमटीने एकेक काडी लावत ब्रेडभर पाऊस केला. खाताना काड्या बाजूला काढल्या पण दोन-तीन खाल्ल्या, मी बघितलंच नाही असं दाखवलं. एकच अडचण, धाकटा चमचा चाटून परत दह्याच्या वाटीत घालतो.

शांतसंध्याकाळ
त्याला त्याची वेगळी छोटी वाटी आणि चमचा द्या, मोठ्या डब्यातून तुम्ही काढून द्यायचं. आणि वाटीतलं दही-चीज उरलं तर बाहेर ठेवू नका, २ तासांच्या आत फ्रीजमध्ये.

दोनपिल्लांचीआई
हो हे करते. उद्या जांभळा कोबी आणतेय. मोठीला सांगितलं तर ती आत्ताच विचारतेय की गुलाबी झालं, निळं झालं, मग पिवळं कसं करायचं?

प्रयोगवेडाबाबा
भारी प्रश्न आहे, तिला सांगा की तिने बरोबर दिशेने विचार केलाय. ते पाणी पिवळं होतं, पण त्याला सोड्यापेक्षा खूपच तीव्र क्षार लागतो, तो खायच्या जवळपासही आणायचा नाही. ताटलीत पिवळं हवं असेल तर मक्याचे दाणे तिच्या हातात द्या.